प्रिंटर सारखा 'ऑफलाइन' होतो? ड्रायव्हर नंतर, आधी त्याचा पत्ता बघा

काल संध्याकाळपर्यंत प्रिंटर नीट छापत होता. आज सकाळी प्रिंट दिली तर ती क्यूमध्ये जाऊन बसली आणि प्रिंटरच्या नावाखाली 'ऑफलाइन' असं आलं. प्रिंटरचा दिवा हिरवा, कागद भरलेला, वायफाय चालू, मोबाइलवर नेटही चालतंय. मग नेहमीचं सत्र सुरू होतं. प्रिंटर बंद-चालू करून बघायचा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, तरी जमलं नाही तर प्रिंटर काढून टाकून ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकायचा. छपाई सुरू होते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

घरी आणि छोट्या ऑफिसांत मला जे 'ऑफलाइन' प्रिंटर बघायला बोलावतात, त्यांतल्या बहुतेकांचा ड्रायव्हर ठणठणीत असतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकताना कॉम्प्युटर प्रिंटरला नव्याने शोधतो आणि त्याचा नेटवर्कवरचा नवा पत्ता लिहून घेतो. छपाई सुरू होते ती त्या नव्या पत्त्यामुळे. तो पत्ता पुढच्या वेळी बदलला की प्रिंटर परत 'ऑफलाइन'. सेतू केंद्रात सातबाऱ्यासाठी माणसं ताटकळत असतात, मुलांचं हॉल तिकीट परीक्षेच्या आदल्या रात्री छापायचं असतं. अशा वेळी दर खेपेला तासभर ड्रायव्हर टाकत बसणं कुणालाच परवडत नाही, म्हणून हे कायमचं कसं मिटवायचं ते इथे सविस्तर लिहितो. यूएसबीने जोडलेल्या आणि शेअर केलेल्या प्रिंटरची दुखणी वेगळी असतात, तीही पुढे घेतली आहेत.

आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

कॉम्प्युटर क्षणभर विसरा आणि प्रिंटरच्याच बटणांवरून किंवा स्क्रीनवरून त्याचं माहितीपान छापा. जवळजवळ प्रत्येक वायफाय प्रिंटरला ही सोय असते. मेनूमध्ये 'नेटवर्क कॉन्फिगरेशन', 'नेटवर्क स्टेटस' किंवा 'प्रिंट रिपोर्ट' अशा नावाने सापडते. स्क्रीन नसलेल्या मॉडेलमध्ये वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. नेमकं कुठलं, ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असतं.

हे पान छापून आलं, म्हणजे शाई, टोनर, कागद आणि मशीन सगळं बरोबर आहे. पानच आलं नाही, तर गाठ मशीनशी आहे आणि पुढचं काही करून उपयोग नाही.

आता ते पान हातात घेऊन वाचा. त्यावर वायफायचं नाव असेल, ते तुमच्याच वायफायचं आहे ना? बऱ्याचदा शेजारच्या जुन्या एक्स्टेंडरचं किंवा गेल्या वर्षीच्या राउटरचं नाव दिसतं. त्याच्या खाली आयपी पत्ता, म्हणजेच नेटवर्कवरचा पत्ता असतो, समजा १९२.१६८.१.७. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे. अशा वेळी राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करा, आधी राउटर चालू करा, नेट पूर्ण सुरू झाल्यावर मग प्रिंटर. पत्ता सगळा शून्यच असेल, तर प्रिंटर वायफायला जोडलेलाच नाही.

पत्ता ठीक दिसला की कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत तोच पत्ता टाका (आकडे अर्थात इंग्रजीत). प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, शाईची पातळी वगैरे दिसली, तर कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. घोळ विंडोजच्या आत आहे आणि तो मिटवणं सोपं आहे. पान उघडलं नाही, तर अडचण रस्त्यातच आहे, म्हणजे वायफाय किंवा राउटरमध्ये.

बरेच जण इथे 'पिंग' करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघतात. जरूर करा, पण उत्तर नीट वाचा. 'रिप्लाय फ्रॉम' दिसलं म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. त्याच ओळीत पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असेल, तर ते उत्तर तुमच्याच कॉम्प्युटरने दिलेलं आहे, प्रिंटरने नव्हे. आणि जुन्या पत्त्याला पिंग केलं असेल, तर आता तो पत्ता एखाद्या मोबाइलला मिळालेला असू शकतो. तो इमानदारीत उत्तर देतो आणि आपण प्रिंटर जागा आहे म्हणून खूश होतो. म्हणून ब्राउझरची परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते. तिथे प्रिंटरचं मॉडेल नावासकट दिसतं.

पत्ता बदलतो तरी का

घरातला राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो तो ठरावीक मुदतीसाठी, भाडेकराराने खोली द्यावी तसा. यंत्र चालू असेल तर मुदत अर्धी सरली की ते करार वाढवून घेतं, म्हणून सतत चालू असलेल्या यंत्राचा पत्ता सहसा बदलत नाही. पण प्रिंटर शनिवारी दुपारी बंद झाला आणि मुदत चोवीस तासांची असेल, तर रविवारी करार संपतो. ती खोली रविवारी घरी आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलला जाते, आणि सोमवारी सकाळी प्रिंटर उठतो तेव्हा त्याला दुसरी मिळते. कॉम्प्युटर मात्र जुन्याच खोलीचं दार वाजवत राहतो. 'दर सोमवारीच बंद पडतो हो' ही तक्रार म्हणूनच अगदी खरी असते. ती ऐकली की मी आधी राउटर बघतो.

दुसरं निमित्त म्हणजे लाइट जाणं. बरेच घरगुती राउटर बंद पडले की कुणाला कुठला पत्ता दिला होता ती यादी विसरतात. लाइट आल्यावर सगळी यंत्रं एकदम जागी होतात आणि जो पहिला मागेल त्याला पहिला पत्ता मिळतो. राउटर इन्व्हर्टरवर असेल आणि प्रिंटर नसेल, तर हा त्रास कमी होतो. पावसाळ्यात, लाइट दिवसातून चार वेळा जाते तेव्हा, तक्रारी वाढतात त्या यामुळेच.

विंडोजचाही यात वाटा आहे. वायफाय प्रिंटर आपोआप जोडला, की विंडोज बऱ्याचदा त्याला 'डब्ल्यूएसडी' नावाच्या पोर्टवर (प्रिंट पाठवायच्या मार्गावर) टाकतं. या पद्धतीत कॉम्प्युटर नेटवर्कभर हाक मारून प्रिंटरला शोधतो. पत्ता बदलला तरी प्रिंटर सापडावा, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात काही राउटर ही हाक पुढे जाऊ देत नाहीत, प्रिंटर झोपेत असेल तर ती त्याला ऐकू जात नाही, आणि विंडोज तेवढ्यावरून त्याला 'ऑफलाइन' ठरवून मोकळं होतं. छोट्या नेटवर्कसाठी माझी पसंती सरळ पत्ता लिहून देण्याला आहे.

कायमचा इलाज: राउटरमध्ये आरक्षण, विंडोजमध्ये पक्का पोर्ट

कामं दोन आहेत आणि दोन्ही करायची. एकच केलं तर दुखणं परत येतं.

पहिलं काम राउटरमध्ये. माहितीपानावर आयपी पत्त्याजवळच 'मॅक ॲड्रेस' असतो, दोन-दोन अक्षरांचे सहा गट. हा प्रिंटरला कारखान्यातच मिळालेला असतो आणि बदलत नाही. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि लॉगिनसकट राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथे डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' असं काहीतरी दिसेल. त्यात प्रिंटरचा मॅक पत्ता आणि त्याच्यापुढे त्याला द्यायचा आयपी पत्ता भरा, समजा १९२.१६८.१.५०. सेव्ह करा, प्रिंटर बंद-चालू करा आणि माहितीपान पुन्हा छापून नवा पत्ता आला की नाही ते तपासा.

काही जण राउटरला हात न लावता प्रिंटरच्याच मेनूतून पत्ता 'स्टॅटिक' करतात. तेही चालतं, पण राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा पत्ता निवडावा लागतो. राउटर १०० ते २०० वाटत असेल आणि तुम्ही प्रिंटरला १०५ दिला, तर कधी ना कधी तोच १०५ दुसऱ्या कुणालातरी जाणार आणि दोघांची टक्कर होणार. मग प्रिंटर कधी चालतो, कधी चालत नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. राउटरचा पासवर्ड हाताशी असेल तर आरक्षणच करा.

दुसरं काम विंडोजमध्ये. विंडोज ११मध्ये 'सेटिंग्ज', मग 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस', मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन आपला प्रिंटर निवडा आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा. नुसतं 'प्रॉपर्टीज' नव्हे, आणि 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'ही नव्हे. वर 'पोर्ट्स' नावाचा टॅब आहे. तिथे टिक कुठल्या ओळीवर आहे ते बघा. 'डब्ल्यूएसडी'ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल किंवा जुनाच आयपी पत्ता असेल, तर चोर सापडला. 'ॲड पोर्ट' दाबा, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा, 'न्यू पोर्ट' दाबा आणि आरक्षित केलेला पत्ता टाका. बाकी 'नेक्स्ट' म्हणत जा. टिक नव्या पोर्टवर आली आहे याची खात्री करा आणि 'अप्लाय' करा.

हे करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. त्याच खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर ड्रायव्हरचं नाव दिसतं. ते 'मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर' असेल, तर नुसता पोर्ट बदलून भागत नाही. काही मॉडेलवर छपाई होतच नाही, काहींवर कागदावर भलतीच चिन्हं उमटतात. अशा वेळी कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घ्या आणि प्रिंटर नव्याने जोडा. जोडताना विंडोज आपोआप जे शोधून दाखवतं ते निवडू नका. 'ॲड मॅन्युअली'वर जाऊन 'आयपी ॲड्रेस ऑर होस्टनेम' हा पर्याय घ्या आणि पत्ता स्वतः टाका. ड्रायव्हर पुन्हा टाकण्याचं काम खरोखर गरजेचं असतं ते असं एखाद्या वेळी.

आता 'पोर्ट्स' टॅबवरच 'कॉन्फिगर पोर्ट' दाबा. खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक चौकट असते. या मार्गाने विंडोज प्रिंटरची तब्येत विचारत असतं, आणि त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर धडधाकट प्रिंटरलाही 'ऑफलाइन' म्हणतं. ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडतंय आणि तरी विंडोज 'ऑफलाइन' दाखवतंय, असं असेल तर ही टिक काढा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच काम होतं. बदल्यात शाई-कागदाची सूचना कॉम्प्युटरवर कमी दिसते, ते चालण्यासारखं आहे.

विंडोज १०मध्ये क्यूची खिडकी उघडून 'प्रिंटर' मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर चुकून टिक बसलेली नाही ना, तेही बघून घ्या. 'पॉज प्रिंटिंग'चंही तसंच.

घरात दोन राउटर असतील तर

फायबरचं कनेक्शन घेताना कंपनी स्वतःचा वायफायचा डबा बसवते. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुकानातून आणखी एक राउटर आणतो आणि पहिल्याच्या वायरने त्याच्या 'वॅन' पोर्टला जोडतो. नेट सगळीकडे मिळतं, पण घरात आता दोन वेगळी नेटवर्कं झालेली असतात. बाहेरचा डबा १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते वाटतो, आतला १९२.१६८.०ने सुरू होणारे.

याची खूण फार नेमकी आहे. आतल्या राउटरला जोडलेला लॅपटॉप बाहेरच्या नेटवर्कवरच्या प्रिंटरला पत्ता टाकून छापू शकतो. उलट दिशेने मात्र काहीच जात नाही: प्रिंटर आतल्या राउटरवर आणि कॉम्प्युटर बाहेरच्या डब्यावर असेल, तर तो कॉम्प्युटर प्रिंटरपर्यंत पोचतच नाही. 'बाबांच्या लॅपटॉपवरून प्रिंट जाते, माझ्यावरून नाही' असं कुणी सांगितलं, की दोघांच्या वायफायची नावं विचारा आणि दोघांचे आयपी पत्ते शेजारी शेजारी लिहा. टिंबांमधले पहिले तीन गट जुळले नाहीत, की उत्तर मिळालं.

इलाज म्हणजे आतला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकणं. हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये तो पर्याय असतो. मग तो पत्ते वाटणं थांबवतो, नुसतं वायफाय पसरवतो आणि सगळं घर एकाच नेटवर्कवर येतं. दोन्हीकडे वायफायचं नाव सारखं ठेवून हे सुटत नाही. नाव सारखं असलं तरी नेटवर्कं दोनच राहतात, आणि त्यात गोंधळ जास्त, कारण लॅपटॉप कधी या डब्यावर असतो तर कधी त्या.

वायफायची बाकीची दुखणी

घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर असला तरी बिघडत नाही, दोन्ही पट्टे एकाच राउटरचे असतील तर ते एकमेकांशी बोलतात. अडचण येते ती प्रिंटर पहिल्यांदा जोडताना. ५चं वायफाय प्रिंटरच्या यादीत दिसतच नाही, कारण त्याला ते ऐकूच येत नाही.

'गेस्ट' वायफायवर प्रिंटर किंवा कॉम्प्युटर ठेवू नका. गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना एकमेकांपासून आणि घरच्या यंत्रांपासून वेगळं ठेवण्यासाठीच असतं. काही राउटरमध्ये मुख्य वायफायवरसुद्धा 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं. मोबाइलवर नेट चालतं आणि प्रिंटर कुणालाच दिसत नाही, तेव्हा हे बघा. नवा राउटर नुसत्या 'डब्ल्यूपीए३' सुरक्षेवर असेल, तर जुने प्रिंटर त्याला जोडलेच जात नाहीत. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा.

राउटर बदलणार असाल, तर नव्याला जुन्याचंच वायफाय नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर तेच. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरे सगळे आपापले जोडले जातात. फक्त प्रिंटरच्या पत्त्याचं आरक्षण नव्या राउटरमध्ये पुन्हा करावं लागेल. आणि नव्या वायफायला जोडल्यावर विंडोज त्याला 'पब्लिक' नेटवर्क समजतं, तेव्हा आसपासची यंत्रं शोधणं बंद राहतं. घरच्या आणि ऑफिसच्या वायफायसाठी ते 'प्रायव्हेट' करा. रेल्वे स्टेशन, कॅफे अशा ठिकाणी मात्र 'पब्लिक'च बरं.

वायफायच्या यादीत 'डायरेक्ट'ने सुरू होणारं एखादं नाव दिसतं. ते प्रिंटरचं स्वतःचं वायफाय असतं. लॅपटॉप त्याला जोडला तर प्रिंट जाते, पण त्या वायफायवर नेट मिळत नाही. अडल्यावेळी, घरात पाहुणा आला आणि त्याला एक तिकीट छापायचं आहे, तेव्हा ते उपयोगी. रोजच्या कामाला नको.

यूएसबीने जोडलेला असेल तर

यूएसबीवाल्यांना पत्त्याची भानगड नाही, पण त्यांचं एक दुखणं त्याच जातीचं आहे. सफाई करताना केबल निघाली, परत लावताना शेजारच्या पोर्टमध्ये लावली. बऱ्याच प्रिंटरांच्या बाबतीत विंडोज याला नवा प्रिंटर समजतं आणि यादीत त्याच नावाचा दुसरा प्रिंटर येतो, नावापुढे 'कॉपी १' लावून. तुमचे सगळे प्रोग्राम जुन्याकडे प्रिंट पाठवतात, तो ऑफलाइन. केबल पूर्वीच्या पोर्टमध्ये लावली की झालं. पूर्वीचा पोर्ट आठवत नसेल, तर नवा प्रिंटर डीफॉल्ट करा आणि जुना काढून टाका.

केबल सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्येच लावा, हबमध्ये नको. यूएसबी २ची केबल जास्तीत जास्त ५ मीटर, त्याहून लांब साधी केबल जोडून प्रिंटर पलीकडच्या टेबलावर नेला तर तो मधूनमधून गायब होणारच. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर प्रिंटर सापडत नसेल, तर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून बघा.

जुने लेझर प्रिंटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एचपी लेझरजेट १०२० अजूनही किती तरी ऑफिसांत चालतो. या मॉडेलला चालू केल्यावर दर वेळी कॉम्प्युटरकडून फर्मवेअर (मशीनच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) घ्यावं लागतं, ते त्याच्यात साठवलेलं नसतं. म्हणून राउटरच्या यूएसबी पोर्टला जोडून तो वायफाय प्रिंटर होईल, या आशेवर सहसा पाणी पडतं. तो एका कॉम्प्युटरलाच जोडा आणि तिथून शेअर करा.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यामुळे बरेच जण नवीन मशीनवर गेले आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ज्या जुन्या प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही, तो त्यावर चालणार नाही. नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल, तर तुमच्या प्रिंटरला त्या जातीचा ड्रायव्हर आहे का, हे विकत घेण्याआधीच बघा.

प्रिंट अडकून बसली आणि डिलीटही होत नाही

क्यूमधली एखादी फाइल बिघडली, की ती मागच्या सगळ्यांना अडवून धरते. 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि तसंच राहतं. 'सर्व्हिसेस' उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर' (क्यू सांभाळणारा विंडोजचा भाग) शोधा आणि 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात 'प्रिंटर्स' असं फोल्डर आहे. त्याच्या आतल्या फाइल काढून टाका, फोल्डर राहू द्या. परत 'सर्व्हिसेस'मध्ये येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा. आधी स्टॉप केल्याशिवाय फाइल निघत नाहीत.

याच जागी एक छोटी तक्रार: 'प्रिंट दिली की छापायचं सोडून फाइल सेव्ह करा म्हणतो.' डीफॉल्ट प्रिंटर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' झालेला असतो. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि आपला प्रिंटर स्वतः डीफॉल्ट ठेवा. ते चालू असेल तर शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होत राहतो.

एका कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर

छोट्या ऑफिसांत अजून हीच पद्धत आहे: एका मशीनला यूएसबीने प्रिंटर, बाकीच्यांना नेटवर्कवरून. पहिली अट साधी, ते मशीन चालू पाहिजे. ते झोपलं की सगळ्यांचा प्रिंटर ऑफलाइन. त्याची स्लीप बंद ठेवा.

२०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये एक गंभीर भोक उघडकीला आलं, 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने ते गाजलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने छपाईची सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक केली. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतर अनेक ऑफिसांत ०एक्स०००००११बी हा एरर येऊ लागला, तो त्याचाच भाग. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) एक आकडा शून्य करा, असा उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्याने प्रिंट सुरू होते हे खरं, पण तुम्ही तीच सुरक्षा काढून टाकता. ऑफिसात लोकांचे आधार क्रमांक, पॅन, बँकेचे कागद असतात. ते उघड्यावर ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. आधी सगळी मशीन अपडेट करा, दोन्हीकडे प्रिंटरचा कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि मग जोडून बघा. एकही मशीन विंडोज ७वर राहिलं असेल, तर अडकतं ते बहुधा तिथेच.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून 'प्रो'मध्ये पासवर्डशिवाय दुसऱ्या मशीनवर पाहुणा म्हणून शिरता येत नाही. ज्या मशीनला प्रिंटर जोडला आहे त्यावर पासवर्ड असलेलं एक वेगळं खातं करा आणि बाकीच्या मशीनवरून जोडताना त्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड काढून टाकून सोय करणं आता चालत नाही, आणि ते बरंच झालं.

मदत शोधताना

इंटरनेटवर प्रिंटर कंपनीच्या नावापुढे 'कस्टमर केअर नंबर' टाकून शोधलं, की पहिल्या काही निकालांत खोटे नंबर असू शकतात. फोनवरचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो, 'तुमच्या प्रिंटरचं रजिस्ट्रेशन संपलंय' म्हणून पैसे मागतो. प्रिंटर चालवायला असं कुठलंही रजिस्ट्रेशन लागत नाही. नंबर प्रिंटरच्या खोक्यावरून, माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करूनच घ्या. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगून ठेवा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३०वर फोन करा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' ठीक करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्याही वाटेला जाऊ नका.

आरक्षण केलं, पोर्ट पक्का केला, एसएनएमपी काढलं, तरीही प्रिंटर दिवसातून दोनदा गायब होत असेल, तर त्या जागी वायफायची रेंज कमी पडत असते. राउटर आणि प्रिंटर यांच्या मध्ये लोखंडी कपाट किंवा जाड भिंत आहे का बघा, जागा बदलून बघा. त्याआधी प्रिंटरच्या मागे डोकावा: चौकोनी लॅन पोर्ट असेल, तर वायफायचा नाद सोडा आणि राउटरपासून सरळ तार टाका. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. ऑफिसात तर मी पहिल्या दिवसापासून हेच करायला सांगतो. फक्त प्रिंटरला दोन मॅक पत्ते असतात, वायफायचा वेगळा आणि तारेचा वेगळा. तार लावल्यावर माहितीपान पुन्हा छापा, त्यावरचा तारेचा मॅक पत्ता घ्या, राउटरमधलं वायफायचं जुनं आरक्षण काढा आणि तोच आयपी पत्ता नव्या मॅक पत्त्याच्या नावे करा. कॉम्प्युटरवर मग काहीच बदलावं लागत नाही.